साक्षीदार लु. रूलिंक

१

देव्हेंटर गावात टपाल मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, आणि त्या दोन दिवशी लुबेर्ता रूलिंक सकाळपासून कुणाशी धड बोलायची नाही. तिचा धाकटा भाऊ वोल्टर डॉक्टर होता आणि देशोदेशीच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. कुणी धूमकेतू पाहिला, कुणी बेडकाचं पोट फाडलं, की ते पत्र रूलिंकांच्या घरी येणार आणि नकला होऊन आणखी चार गावांना जाणार. नाव वोल्टरचं व्हायचं, बोटं लुबेर्ताची काळी व्हायची. वडिलांनी हौसेनं तिला लॅटिन शिकवलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बिनलग्नाच्या बाईला त्याचा एवढाच उपयोग, असं ती स्वतःच म्हणायची.

लाखेची मोहोर फोडायची, घड्या उलगडायच्या आणि नक्कल सुरू करण्याआधी नोंदवहीत दोन तारखा लिहायच्या. डाव्या रकान्यात पत्रावरची, उजव्या रकान्यात आपली. कारण देव्हेंटरनं जुनं पंचांग सोडलं नव्हतं. ब्रेस्लाऊ, पादुआ, इतकंच काय बोटीनं दोन दिवसांवरचं ॲमस्टरडॅमसुद्धा दहा दिवस पुढे होतं. तिकडची पंचवीस म्हणजे इकडची पंधरा. वोल्टरचा त्यावर एक ठरलेला विनोद होता.

"सेंट निकोलसच्या सणाचा केक आधी ॲमस्टरडॅमला खायचा, मग बोटीत बसायचं आणि इथे येऊन पुन्हा खायचा. दहा दिवस कमावले की नाही?"

"पोट कमावलंत," फेने म्हणायची. फेने त्यांची स्वयंपाकीण. दोघांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे तिला घरात कुणाची भीडभाड नव्हती.

सप्टेंबरात वोल्टरनं स्वतःचा प्रयोग करायचं ठरवलं. जिवंत कुत्र्याची छाती उघडायची, श्वासनळीत बोरूची नळी बसवायची आणि भात्यानं हवा भरत राहायची. हृदय किती वेळ चालतं ते पाहायचं. कुत्रा करडा होता, एक कान फाटका. फेने त्याला मागच्या दाराशी हाडं टाकायची. भाताही तिच्याच चुलीजवळचा, पितळी तोंडाचा.

अशा प्रयोगाला तीन साक्षीदार लागतात. तीन अब्रूदार माणसांनी सही केली नाही, तर दूरच्या गावात कोण कशावर विश्वास ठेवणार? गावातला औषधवाला आला, पाद्री आला, तिसऱ्या साक्षीदाराचा, वकिलाचा पाय ऐनवेळी सुजला. लुबेर्ता खाली स्वयंपाकघरात कानांत लोकर कोंबून बसली. फेने तांब्याची भांडी मुद्दाम आदळत घासत होती. तरी ऐकू आलंच. आधी कुत्र्याचा आवाज होता. मग गळा चिरल्यावर कुत्र्याचा आवाज बंद झाला आणि नुसता भाता ऐकू यायला लागला, आणि लुबेर्ताला तो जास्त असह्य झाला.

वोल्टर खाली आला तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या.

"बेर्ता, तिसरी सही तुझी."

"मी काही पाहिलं नाही."

"घरात तर होतीस."

"घरात फेनेही होती. तिची घे."

"फेनेला सही येत असती तर तिचीच घेतली असती, ती तुझ्याइतकी किरकिर करत नाही." तो थकून बाकावर बसला. "पाव तास चाललं गं हृदय. मी खोटं सांगतोय का?"

तो खोटं सांगत नव्हता, आणि तिचा त्याच्यावर फार जीव होता. तिनं सही केली. 'लु. रूलिंक, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' परगावचे लोक लु. म्हणजे कुणी पुरुष समजणार हे तिला ठाऊक होतं. चार नकला झाल्या आणि शुक्रवारच्या टपालानं गेल्या.

२

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रेस्लाऊहून डॉक्टर निमित्झ यांचं पत्र आलं. त्यांनी तोच प्रयोग त्यांच्या घरी करून पाहिला होता, चोवीस ऑक्टोबरला. लुबेर्तानं डावीकडे चोवीस लिहिले, उजवीकडे चौदा, आणि नक्कल सुरू केली.

निमित्झ सविस्तर लिहिणारे. कुत्री पिवळी, दोन वर्षांची. बरगड्या कशानं कापल्या, रक्त कुठे साठलं, सुरीला धार लावत असताना कुत्रीनं कसा टेबलाचा कोपरा चावून तोडला, सगळं. हृदय एक तास चाललं. 'साक्षीदार रूलिंक सर्वांत जवळ उभे होते,' त्यांनी लिहिलं होतं. 'त्यांनी एकदाही पापणी लवू दिली नाही. त्यांची नजर हृदयावर होती तोवर ते चालत राहिलं. ते वळले आणि हृदय थांबलं.'

खाली तीन सह्या होत्या. दोन ब्रेस्लाऊच्या माणसांच्या. तिसरी तिची. रूलिंकमधल्या पहिल्या अक्षराची शेपटी ती खालून उलटी वळवत असे. लहानपणी त्यासाठी वडिलांची छडी खाल्ली होती. तशीच ती वळवलेली होती.

तिनं पत्र वोल्टरसमोर ठेवलं. त्यानं वाचलं आणि पहिल्यांदा तो नाराज झाला तो वेगळ्याच गोष्टीवर.

"त्याचं एक तास, आपलं पाव तास."

"सही बघ."

"बघितली. त्याच्या कारकुनानं आपल्या पत्राची नक्कल केली असणार, त्यात तुझी सहीही गिरवली. मग पुढचं पत्र लिहिताना हात तसाच चालला. तू नाही का एकदा पाद्र्याच्या पत्राखाली माझं नाव लिहिलंस?"

"आणि जवळ उभे होते, पापणी लवली नाही, तेही हात चालला म्हणून?"

"निमित्झला कुणाला तरी मोठेपणा द्यायची खोड आहे. तुला दिलान. मला देत नाही कधी."

हे पटण्यासारखं होतं. नकला करणाऱ्यांकडून अशा चुका होतात, तिच्याकडूनही झाल्या होत्या. तिनं नक्कल पुरी केली. स्वतःचं नाव गिरवायची वेळ आली तेव्हा मात्र ती थोडा वेळ थांबली, कारण आपण नक्कल करतोय की सही, हे तिला नक्की सांगता येईना.

३

पादुआचं पत्र एक डिसेंबरला आलं. तिथले बोर्सेत्ती नावाचे शरीरशास्त्राचे अध्यापक. त्यांनी वासरू घेतलं होतं. तारीख वीस नोव्हेंबर. लुबेर्तानं उजवीकडे दहा लिहिले. वासराला चार माणसांनी धरलं तरी त्यानं एकाच्या गुडघ्याची वाटी फोडली. मग करवत. हृदय तीन तास चाललं. 'साक्षीदार रूलिंक यांची पापणी लवेपर्यंत,' असं बोर्सेत्तींनी लिहिलं होतं, अगदी हवामान लिहावं तसं.

ब्रेस्लाऊ आणि पादुआच्या मधे आल्प्स पर्वत उभा. कारकुनाचा हात दोन्हीकडे सारखाच कसा चुकेल? तिनं स्वतःला सांगितलं, निमित्झनी बोर्सेत्तींना नक्कल पाठवली असेल. असं होतंच की. पत्रं अशीच तर फिरतात.

पहिली नक्कल झाली. ती मूळ पत्राशी ताडून पाहताना तिला एक वाक्य जास्तीचं सापडलं. अक्षर तिचंच, शाई ओली. 'खिडकीची खालची काच फुटलेली आहे, त्यात निळं फडकं कोंबलंय, आणि वारा आला की त्याचं टोक हलतं.' बोर्सेत्तींच्या पत्रात खिडकीचा उल्लेखही नव्हता. तिनं डोळे मिटले, तेव्हा तिला ते फडकं दिसलं. फडक्याखाली टेबलाची कड दिसत होती. तिच्या पलीकडे काय असेल ते दिसायच्या आत तिनं डोळे उघडले.

डोळ्यांवरून तिला आठवलं. गेल्या महिन्यात तिचे डोळे असे काही लाल झाले होते की फेनेनं तिला हाताला धरून औषधवाल्याकडे नेलं होतं. त्याआधीही एकदा झाले होते. औषधवाल्यानं गुलाबपाण्याच्या दोन बाटल्या दिल्या होत्या, आणि तो बाटलीला चिठ्ठी बांधून तारीख घालतो. तिनं फडताळ उघडलं. एका चिठ्ठीवर चौदा ऑक्टोबर होतं, दुसरीवर दहा नोव्हेंबर. मग तिनं नोंदवहीतला उजवा रकाना पाहिला. तिथेही चौदा आणि दहाच. ती स्वयंपाकघरात फेनेकडे गेली.

"फेने, दहा नोव्हेंबरला मी दुपारी कुठे होते?"

"वर. लिहीत होतीस."

"तू पाहिलंस?"

"सूप घेऊन आले होते की. तीनदा हाक मारली. भिंतीकडे बघत बसली होतीस, डोळे टक्क उघडे." फेनेनं कांदा चिरायचं थांबवलं. "तुला वाटतं मला कळत नाही? त्या कुत्र्यापासून हे घर ठीक नाही. आणि तो भाता घेऊन जा माझ्या चुलीपाशी असलेला. रोज पुसते, रोज सकाळी त्याचं तोंड ओलं असतं."

लुबेर्तानं भाता खिळ्यावरून काढला. त्याचं चामडं गेल्या हिवाळ्यात तिनंच शिवलं होतं, जाड पिवळ्या दोऱ्यानं. पितळी तोंडाला बोट लावलं तर ते ओलं होतं, कोमटही होतं. तिनं फेनेच्या हाताजवळचा मांस तोडायचा सुरा घेतला, भाता ओट्यावर टाकला आणि घाव घालायला लागली. चामडं फाटलं, लाकूड फुटलं, एक घाव तिच्या डाव्या अंगठ्यावर बसून नख उडालं, तरी ती थांबली नाही. शेवटी फेनेनं तिला मागून कवळ घालून ओढलं. तुकडे दोघींनी चुलीत घातले. चामडं जळताना फार वास आला, मांसाचा.

"झालं," फेने म्हणाली. "नवीन आणू. लाकडी तोंडाचा."

४

आठ डिसेंबरला निमित्झ यांचं दुसरं पत्र आलं. लुबेर्ताचा अंगठा फडक्यात बांधलेला होता, त्यामुळे मोहोर तिनं दातांनी फोडली.

पत्राच्या सुरुवातीला ब्रेस्लाऊ नव्हतं. 'देव्हेंटर, डॉक्टर रूलिंक यांचं घर, बावीस डिसेंबर.' अक्षर मात्र निमित्झ यांचंच, नेहमीचं.

'पुरुष, वय शेहेचाळीस, धट्टाकट्टा, पोट सुटलेला, डाव्या घोट्यावर जुन्या मोडलेल्या हाडाची गाठ. त्याला टेबलाला सहा ठिकाणी बांधलं. श्वासनळी चिरून बोरू बसवला, त्यानंतर आवाज आला नाही. बरगड्या डावीकडून चौथीपासून कापल्या. हृदय उघडं झालं तेव्हा ते जोरात चालत होतं आणि माणूस शुद्धीवर होता. भात्यानं हवा देत राहिलं असता हृदय चाललं ते', आणि इथे कोरी जागा होती. एक आकडा मावेल एवढी. तो नंतर भरायचा असावा तसा.

साक्षीदार तीन. लु. रूलिंक. लु. रूलिंक. लु. रूलिंक.

वोल्टर आठ वर्षांचा असताना नदीच्या बंधाऱ्यावरून पडला होता. मोडला तो डावाच घोटा. त्याला पाठीवर घेऊन तीच घरी आली होती.

तिनं नोंदवही ओढली. देव्हेंटरहून लिहिलेलं पत्र, म्हणजे देव्हेंटरची तारीख. दहा वजा करायचं कारण नाही. तिनं दोन्ही रकान्यांत बावीस लिहिले. आज आठ. चौदा दिवस हातात होते.

वोल्टरनं पत्र उभ्यानंच वाचलं. तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

"निमित्झला वेड लागलंय."

"बावीस तारखेला तू या घरात असणार नाहीस."

"बेर्ता, अगं..."

"तुझा घोटा त्याला कुणी सांगितला, वोल्टर?"

तो खिडकीपाशी गेला आणि हनुवटी खाजवत उभा राहिला. "त्या दिवशी तुला सही करायला नको होतं लावायला," तो शेवटी म्हणाला. "मला माहीत होतं तुला कुत्र्याचं किती लागलंय. पण पॅरिसच्या विद्वानांनी हसू नये एवढंच डोक्यात होतं."

"ते राहू दे. झ्वोलेला मामाकडे जा. आजच जा."

"आज कसा जाऊ? धान्यवाल्याच्या बायकोचे दिवस भरलेत, आडवं आहे मूल. मी नसलो तर मरेल ती. ती एकदा सुटली की वीस तारखेला निघतो, अगदी शपथ. मामाकडे डुक्कर कापायचंच आहे, ते खाऊन नाताळानंतर येतो. चालेल?"

तिनं हिशोब केला. वीस तारखेला निघाला तरी दोन दिवस उरत होते. चालण्यासारखं होतं.

रात्री झोप लागेना तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट ठरवली. हे सगळं तिच्या नजरेवर चाललेलं होतं. तिनं पाहिलं की होत होतं. मग बावीस तारखेला तिनं पाहायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या कापडाची दुहेरी पट्टी शिवली, डोळ्यांवर घट्ट बसेल अशी, आणि उशीखाली ठेवली. फेनेला सांगून ठेवलं, एकवीसच्या संध्याकाळी ही पट्टी मला बांध आणि तेवीस उजाडेपर्यंत मी रडले तरी सोडू नकोस. फेने बरं म्हणाली. तिनं का म्हणून विचारलं नाही, याचं लुबेर्ताला बरं वाटलं.

५

बारा डिसेंबर, शनिवार. धान्यवाल्याची बायको पहाटे सुटली, आई आणि मूल दोन्ही सुखरूप. वोल्टर दहाच्या सुमाराला दमून, खूश होऊन घरी आला. त्यानं मधाच्या केकचा हा एवढा तुकडा कापून घेतला आणि थोडा वेळ पडतो म्हणून वर गेला.

"आता वीसपर्यंत तरी कशाला थांबू?" जिन्यावरून तो म्हणाला. "सोमवारीच निघतो. दहा दिवस कमावले की नाही?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू आलं होतं.

मग ती खालच्या खोलीत वर्षाची सूची करायला बसली. हे काम दर डिसेंबरचं. एका ओळीत पत्र कुणाचं, कुठून, तिकडची तारीख, इकडची तारीख. निमित्झ, ब्रेस्लाऊ, चोवीस, चौदा. बोर्सेत्ती, पादुआ, वीस, दहा. निमित्झ, देव्हेंटर, बावीस, बावीस.

त्या ओळीवर तिची लेखणी अडली. बावीस वर्षं ती हे काम करत होती आणि दोन्ही रकान्यांत एकच तारीख असलेली ओळ तिनं याआधी कधी लिहिली नव्हती. पत्र देव्हेंटरचं म्हणत होतं, पण ते लिहिणारा हात ब्रेस्लाऊचा होता. त्या माणसानं जन्मभर दुसरं पंचांग पाहिलेलं नव्हतं. तो आपल्याच तारखा लिहिणार. तिनं उजवीकडचे बावीस खोडले आणि वर बारा लिहिले.

तेव्हा तिला आवाज ऐकू आला. तो बराच वेळ येत असावा, कारण कान त्याला सरावले होते. वर जाणारा, खाली येणारा, चामड्याचा.

ती जिन्यावर दोनदा पडली. पट्टी उशीखाली होती, उशी दुसऱ्या खोलीत होती, आणि हे तिला दार ढकलल्यावर आठवलं.

आधी तिला त्याचे पाय दिसले. मोजे तिनंच रफू केलेले, डाव्या घोट्याला दोरी. बाजूच्या स्टुलावर अर्धा खाल्लेला केक होता. टेबलाभोवती दोन बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, करड्या झग्यांत, आणि दोघींच्या टोपीची गाठ डाव्या कानामागे होती. उजवीकडे लहानपणी भाजल्यामुळे लुबेर्ता गाठ डावीकडे बांधत असे. एकीच्या हातात भाता होता. त्याच्या चामड्याला पिवळ्या दोऱ्याची शिवण होती. दोघींच्या डाव्या अंगठ्याला फडकं होतं. त्या वळल्या नाहीत. दोघींच्या मधे एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि तिथून वोल्टरची छाती दिसत होती.

तिनं पाहिलं.

तिनं लगेच डोळे घट्ट मिटले, जसं ठरवलं होतं तसं. भाता चालूच राहिला, पण त्याखाली काहीतरी ओलं, जड धडकत होतं ते थांबलं. दोऱ्या करकरल्या. टाचा लाकडावर आपटायला लागल्या. तिनं डोळे उघडले आणि ते पुन्हा सुरू झालं, आधी अडखळत, मग नीट.

वोल्टर तिच्याकडे बघत होता. गळ्यात बोरू होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. तो लहानपणी ताप आला की बघायचा तसा बघत होता, ताई जागी आहे ना एवढंच बघायला.

ती पुढे गेली आणि मोकळ्या जागेत उभी राहिली, सर्वांत जवळ. बाजूच्या बाह्या तिच्या बाह्यांना टेकल्या. त्या गार होत्या. पायथ्याशी पत्र पडलं होतं, उघडं, आणि त्यातली कोरी जागा अजून कोरी होती. बोर्सेत्तींकडे तीन तास झाले होते. वासराला तीन, तर वोल्टरला त्याहून जास्त दिलेच पाहिजेत. डोळे आत्ताच चुरचुरायला लागले होते.

"पोरी, सूप निवतंय," खालून फेनेनं हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. "त्याला पण उठव. येताय ना दोघं?"

"आम्हाला वेळ लागेल गं," लुबेर्ता मान न वळवता म्हणाली. "तू जेवून घे."